बुडबुड्याचे छायाचित्र आणि त्याची पारख

साबणाच्या पाण्यात नळी बुडवून तिच्यातून हळूच फुंकर घातली, की तिच्या टोकाशी एक चिमुकला गोल आकार घेऊ लागतो. क्षणभरात तो सुटून हवेत तरंगू लागतो, त्याच्या अंगावर नाना रंग खेळू लागतात, आणि पाहता पाहता तो नाहीसा होतो. हा खेळ फार जुना आहे. पूर्वी रिठ्याचा फेस व पपईच्या पानाचा पोकळ देठ एवढ्या सामग्रीवर मुले तो खेळत. आता त्यासाठी तयार द्रावणाच्या बाटल्या बाजारात मिळतात. मोबाइलमध्ये कॅमेरा आल्यापासून ठाणे, कल्याण, डोंबिवली यांसारख्या शहरांत घरोघरी छायाचित्रे घेतली जातात, आणि बुडबुडा हा हौशी छायाचित्रकाराचा आवडता विषय होऊन बसला आहे. छायाचित्र घेतले, की ते कोणाला तरी दाखवावेसे वाटते. दाखविले, की ‘कसे आहे?’ हा प्रश्न ओघानेच येतो. या प्रश्नाचे उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही.

सामान्यतः या प्रश्नाला दोन प्रकारची उत्तरे मिळतात. ‘छान आहे’ हे पहिले उत्तर. ते ऐकून बरे वाटते; परंतु छायाचित्रात नेमके काय साधले आहे हे त्यातून कळत नाही, त्यामुळे ते पुन्हा साधता येत नाही. ‘यात काही अर्थ नाही’ हे दुसरे उत्तर. त्याने मन तर दुखावतेच, पण काय चुकले हेही समजत नाही. पहिल्या उत्तराने नवशिक्या जागच्या जागी राहतो आणि दुसऱ्याने तो कदाचित कॅमेरा कायमचा बाजूला ठेवतो. एखाद्या मुलाच्या हातून उत्तम छायाचित्रे घडावयाची असतील, तर ती या दोन्ही उत्तरांमुळे घडावयाची राहून जातात. म्हणून जे उत्तर ऐकणाऱ्याला पुढचे पाऊल दाखविते, तेच खरे उपयोगी होय.

असे उत्तर देण्यासाठी केवळ सद्भावना पुरेशी नसते. ज्या वस्तूचे छायाचित्र घेतले आहे तिचे थोडेफार ज्ञानही असावे लागते. बुडबुडा म्हणजे साबणमिश्रित पाण्याचा एक अतिशय पातळ पापुद्रा होय. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले असता त्यांतील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. हा पापुद्रा बहुधा काही शे नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याइतका, जाड असतो. त्यावर पडलेला प्रकाश त्याच्या बाहेरच्या व आतल्या अशा दोन्ही पृष्ठभागांवरून परततो. परतणाऱ्या या दोन लहरी एकमेकींत मिसळतात, तेव्हा पापुद्र्याच्या जाडीप्रमाणे काही रंग उठून दिसतात व काही लोपतात. बुडबुड्याचे रंग हे साबणाचे रंग नव्हेत. ते त्याच्या जाडीचे रंग होत. ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातून पारख करताना कशी चूक होऊ शकते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा, डोंबिवलीतील एका विद्यार्थिनीने आपल्या घराच्या खिडकीजवळ एक बुडबुडा पेल्याच्या ओल्या कडेवर अलगद टेकवला आणि त्याचे छायाचित्र घेतले. छायाचित्रात बुडबुड्यावर रंगांचे आडवे पट्टे आले आहेत. परंतु त्याच्या माथ्यावर एक काळा ठिपका दिसतो, आणि खिडकीही एकदा सुलटी व एकदा उलटी अशी दोन वेळा उमटली आहे. अजाण परीक्षक म्हणेल, ‘वर डाग पडला आहे, आणि खिडकी दोनदा आल्याने गोंधळ झाला आहे.’ वस्तुतः हे दोन्ही दोष नव्हेत. पापुद्र्यातील पाणी सतत खाली ओघळत असते, त्यामुळे माथ्याकडचा भाग सर्वांत पातळ होतो. त्याची जाडी सुमारे तीस नॅनोमीटरांहून कमी झाली, की दोन्ही पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात आणि तो भाग काळा दिसतो. न्यूटनने बुडबुडा हवेच्या झुळकीने हलू नये म्हणून त्यावर काचेचे भांडे झाकून हाच काळा ठिपका पाहिला होता, आणि १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात त्याचे वर्णन केले होते. खिडकीच्या दोन प्रतिमांचे कारणही असेच आहे. बुडबुड्याची जवळची बाजू बहिर्गोल आरशाप्रमाणे सुलटी प्रतिमा दाखविते, तर पलीकडची बाजू अंतर्गोल आरशाप्रमाणे उलटी दाखविते. तेव्हा जाणता परीक्षक या मुलीला सांगेल, की काळा ठिपका टिपणे हीच या छायाचित्राची मोठी कमाई आहे. तो ठिपका बुडबुडा फुटण्याच्या अगदी थोडा वेळ आधी दिसतो. दोष काढावयाचाच असेल, तर खिडकीच्या प्रतिमेत कॅमेरा धरलेली तिची स्वतःची आकृतीही उमटली आहे, तिच्याकडे तो लक्ष वेधील. गडद रंगाचे कपडे घालून आणि खिडकीच्या एका बाजूस उभे राहून ती आकृती टाळता येईल, हा उपायही तो सांगेल.

दुसरे उदाहरण ठाण्याचे घेऊ. मासुंदा तलावाच्या काठी पावसाळ्यातील एका संध्याकाळी घेतलेले छायाचित्र आहे. पावसाळी हवा दमट असल्याने पापुद्र्यातील पाण्याची वाफ सावकाश होते व बुडबुडे अधिक वेळ टिकतात. हा समय छायाचित्रकाराने चांगला निवडला आहे. परंतु त्याचा बुडबुडा पांढऱ्या आकाशासमोर आल्याने त्याचे रंग अगदी फिकट दिसतात, आणि एका कोपऱ्यात दुकानाची अर्धवट पाटी डोकावते. येथे ‘रंग आले नाहीत’ एवढेच म्हणून भागत नाही. पापुद्र्यावर पडलेल्या प्रकाशाच्या शंभर भागांपैकी फार तर सातआठ भाग परततात. उरलेला प्रकाश आरपार निघून जातो. मागे उजळ आकाश असले, की त्याच्या झगझगाटात हे थोडेसे रंग बुडून जातात. कारण एकदा कळले, की उपाय आपोआप सुचतो. छायाचित्रकाराने जागा अशी निवडावी, की बुडबुड्याच्या मागे गर्द झाडांची सावली येईल व आकाशाचा प्रकाश त्याच्यावर समोरून किंवा बाजूने पडेल. कोपऱ्यातील पाटीचा दोष मात्र निराळ्या जातीचा आहे. चित्राची कड थोडी कापली, की तो आजच नाहीसा होतो. जे घरी बसून सुधारता येते आणि ज्यासाठी पुन्हा तलावाकाठी जावे लागेल, त्या दोहोंतील भेद परीक्षकाने स्पष्ट करावा. त्यामुळे ऐकणाऱ्याचे श्रम वाचतात.

तिसरे उदाहरण कल्याणचे. दुर्गाडी किल्ल्याजवळ, खाडीवरून वारा येत असताना घेतलेल्या छायाचित्रात एक लहान मुलगा बुडबुड्यांमागे धावत आहे. पण बुडबुडे अस्पष्ट आले आहेत. ‘चित्र हलले आहे’ असा शेरा येथे सहज तोंडी येतो. तथापि अस्पष्टतेचेही प्रकार असतात. सबंध चित्रच पुसट असेल, तर कॅमेरा धरणारा हात हलला असे समजावे. मागची तटबंदी रेखीव असून बुडबुड्याच्या कडा चहूकडून सारख्याच मऊ असतील, तर कॅमेऱ्याने पारदर्शक बुडबुडा सोडून मागच्या भिंतीवर फोकस धरला असे समजावे. बुडबुडाच तेवढा एका दिशेने ओढल्यासारखा लांबट दिसत असेल, तर तो वाऱ्याबरोबर सरकला असे समजावे. या तिसऱ्या प्रकाराचा हिशेब सोपा आहे. बुडबुडा सेकंदाला अर्धा मीटर वेगाने जात असेल आणि कॅमेऱ्याचे शटर सेकंदाचा साठावा भाग उघडे राहिले, तर तेवढ्या वेळात तो सुमारे आठ मिलिमीटर पुढे सरकतो. तेच शटर पाचशेव्या भागापुरते उघडले, तर तो एकच मिलिमीटर सरकतो. १९०४ साली ल्यूसिअँ बुल या संशोधकाने बंदुकीची गोळी बुडबुड्यातून आरपार जाताना चित्रित केली होती. तिच्या वेगापुढे खाडीवरचा वारा काहीच नव्हे. भरपूर प्रकाशात, शटरचा वेळ कमी करून किंवा भिंतीच्या आडोशाला उभे राहून हे बुडबुडे स्पष्ट टिपता येतील.

परंतु या छायाचित्राविषयी एक प्रश्न आधी विचारावयास हवा. छायाचित्रकाराला नेमके काय दाखवावयाचे होते? त्याला बुडबुड्याचे रंग दाखवावयाचे असतील, तर ही अस्पष्टता दोष ठरते. त्या मुलाची धावपळ व वाऱ्याचा वेग दाखवावयाचा असेल, तर तीच अस्पष्टता गुण ठरू शकते. कर्त्याचा हेतू समजून घेतल्यावाचून दिलेला निवाडा हा त्याच्या चित्राचा निवाडा नसून परीक्षकाच्या मनातील निराळ्याच एका चित्राचा निवाडा असतो.

या तिन्ही उदाहरणांवरून पारख करण्याची रीत ठरविता येते. प्रथम छायाचित्र शांतपणे पाहावे व कर्त्याचा हेतू विचारावा. नंतर जे साधले आहे ते कारणासह सांगावे. कारण गुणाचे कारण कळले, तरच तो गुण पुढच्या खेपेस जाणूनबुजून आणता येतो. मग दोषांपैकी जो सर्वांत महत्त्वाचा असेल तो प्रथम सांगावा. एकाच वेळी दहा दोष दाखविले, तर नवशिक्या कोणता आधी सुधारावा या विचाराने गोंधळून जातो. दोष सांगताना तो चित्राचा म्हणून सांगावा, माणसाचा म्हणून सांगू नये. ‘मागची बाजू फार उजळ झाली आहे’ आणि ‘तुला उजेडाचे काही कळत नाही’ ही दोन वाक्ये एकाच दोषाविषयी आहेत. परंतु पहिल्या वाक्याने ऐकणारा चित्राकडे पुन्हा पाहू लागतो व दुसऱ्याने तो मान खाली घालतो. शेवटी, करून पाहता येईल असा उपाय सुचवावा. केवळ आपल्या आवडीनिवडीचा प्रश्न असेल, तर तेही मोकळेपणाने सांगावे. कोणाला एकच मोठा बुडबुडा आवडेल, कोणाला अनेक लहान. त्यात चूक किंवा बरोबर असे काही नसते.

ऐकणाऱ्याकडेही काही कर्तव्य येते. अभिप्राय पुरता ऐकून घ्यावा, न समजल्यास पुन्हा विचारावे आणि सुचविलेला उपाय एकदा तरी करून पाहावा. तो करून पाहिल्यावर आपला पहिला मार्गच योग्य वाटला, तर त्यावर ठाम राहण्यास हरकत नाही. मात्र तो निर्णय रागाने नव्हे, तर अनुभवाने घेतलेला असावा.

मुंबईत १८५४ साली छायाचित्रणाची एक संस्था स्थापन झाली. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू होऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष लोटले होते. छायाचित्रणाची कला आपल्याकडे इतक्या लवकर रुजली, आणि समानधर्मी माणसांनी एकत्र जमण्याची चालही तिच्याबरोबरच आली. चारचौघांत चित्र मांडणाऱ्यास धैर्य लागते, आणि ते नीट पाहून प्रामाणिकपणे बोलणाऱ्यास अभ्यास व आपुलकी लागते. शाळेतील चार मित्रांनी आठवड्यातून एकदा आपापली छायाचित्रे एकमेकांस दाखविली आणि या रीतीने त्यांची चर्चा केली, तर काही महिन्यांतच दोन्ही बाजूंस लाभ झालेला दिसेल. दाखविणाऱ्याची छायाचित्रे सुधारतील, आणि पारख करणाऱ्याची नजर अशी तयार होईल, की बुडबुडा हवेत तरंगत असतानाच त्याच्या माथ्याचा रंग फिका पडू लागलेला तिला दिसेल व कॅमेऱ्याची कळ केव्हा दाबावी हे तिला अचूक समजेल.