निळा ठिपका किती खरा?

जुलै २०२५ मधली एक मध्यरात्र उलटून गेली होती. नवी मुंबईत एक महिला मोटार घेऊन उलव्याकडे निघाली होती. रस्ता मोबाइल दाखवत होता. बेलापूरला खाडीवरच्या पुलावर चढण्याऐवजी मोटार पुलाखालच्या रस्त्याला लागली, ध्रुवतारा जेट्टीपर्यंत गेली आणि थेट खाडीत पडली. सागरी सुरक्षा पोलिसांनी तिला वेळीच बाहेर काढले, म्हणून जीव वाचला.

अशी बातमी वाचली की ‘जीपीएस चुकले’ असे आपण सहज म्हणतो. पण मोबाइलवर रस्ता दिसतो तेव्हा तिथे एक नव्हे, तीन कामे चाललेली असतात. तुम्ही पृथ्वीच्या पाठीवर नेमके कुठे आहात, हे उपग्रहांच्या संदेशावरून ठरते. त्या जागेजवळच्या कोणत्या रस्त्यावर तुम्ही असाल, हा फोनमधल्या प्रणालीचा अंदाज असतो. आणि तो रस्ता पुढे कसा आहे, हे नकाशा सांगतो. तिन्ही कामांची अचूकता वेगवेगळी असते. हा फरक कळला तर गाडी चालवताना फोनवर किती विसंबावे हे कळते. शिवाय अपघातानंतर रुग्णवाहिका बोलावताना तोच फरक जिवाच्या मोलाचा ठरतो.

फोन फक्त ऐकतो

आपला फोन उपग्रहाला काही विचारत नाही, तो फक्त ऐकतो. अमेरिकेच्या जीपीएसचे तीसएक उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरत असतात. ‘मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत’ असा संदेश प्रत्येक उपग्रह अखंड पाठवत असतो. संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून फोन उपग्रहाचे अंतर काढतो. जागा ठरवायला निदान चार उपग्रह लागतात. चौथा लागतो, कारण फोनमधले घड्याळ उपग्रहातल्या आण्विक घड्याळाइतके काटेकोर नसते. रेडिओलहरी सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातात. त्यामुळे वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो.

मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. ते बंद झाल्यावर अचूकता एकदम वाढली. आजचे बहुतेक फोन जीपीएसबरोबरच रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ आणि चीनचे बायडू हे उपग्रहही ऐकतात. काही फोन आपल्या इस्रोचे नाविकही ऐकतात. अमेरिकी सरकारच्या माहितीनुसार, मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोनने दाखवलेली जागा साधारण ४.९ मीटरच्या आत असते. खिशातल्या वस्तूकडून एवढी अचूकता मिळावी, हे थोडेथोडके नव्हे.

पाच मीटरमध्ये काय काय मावते

महामार्गाची एक मार्गिका साधारण साडेतीन मीटर रुंद असते. म्हणजे पाच मीटरच्या चुकीत शेजारची मार्गिका येते, दुभाजकापलीकडची बाजू येऊ शकते आणि मुख्य रस्त्याला लागून असलेला सेवा रस्ताही येऊ शकतो. उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता तर नकाशावर एकावर एकच असतात. त्यांच्यात फरक असतो तो उंचीचा. जीपीएसला उंची सांगणे नेहमीच जड जाते, कारण सगळे उपग्रह आपल्या डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो. म्हणून पूल सुरू होताना वर जायचे की खालून, हा निर्णय फोनवर सोपवू नये. तिथे रस्त्यावरचा फलकच पाहावा.

निळा ठिपका नेहमी रस्त्याच्या मधोमध दिसतो, तेही पूर्ण खरे नसते. फोन आपली जागा जवळच्या रस्त्यावर ‘चिकटवून’ दाखवतो. अंदाज चुकला तर ठिपका तितक्याच ठामपणे चुकीच्या रस्त्यावर दिसतो.

उंच इमारतींमध्ये अडचण वाढते. लोअर परळसारख्या भागात उपग्रहाचा संदेश काचेच्या भिंतीवर आपटून फोनकडे येतो. वाट लांबली की अंतरही जास्त मोजले जाते आणि ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. दोन वेगवेगळ्या वारंवारतांवर ऐकणाऱ्या नव्या फोनमध्ये ही चूक कमी होते, संपत नाही. बोगद्यात तर संदेशच पोहोचत नाही. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळचा बोगदा जवळपास आठ किलोमीटरचा आहे. आत असताना फोन शेवटचा वेग आणि स्वतःमधले हालचाल ओळखणारे संवेदक यांच्या आधारे केवळ अंदाज करतो. बोगद्यातून बाहेर पडताच फाटा असेल, तर सूचना उशिरा येऊ शकते.

वेगाच्या बाबतीत मात्र मोकळ्या रस्त्यावर फोन फारसा चुकत नाही. गाडीच्या काट्यापेक्षा फोनवरचा वेग थोडा कमी दिसतो, याचे अनेकांना नवल वाटते. खरा वेग कमी दाखवला जाऊ नये, म्हणून काटा मुळातच किंचित जास्त दाखवेल असा बनवलेला असतो.

पूल वाहून गेला, नकाशात राहिला

जीव घेणाऱ्या घटनांत मात्र दोष बहुधा उपग्रहांचा नसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ एक मोटार अर्धवट पुलावरून रामगंगेच्या पात्रात कोसळली. तिघांचा मृत्यू झाला. पुलाचा भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता, पण नकाशात रस्ता सलग होता. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याकडे अकोले तालुक्यात कोतूळजवळ कळसूबाईकडे निघालेली मोटार रात्री पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली. एकजण बुडून मरण पावला. दोन्ही ठिकाणी मोटार कुठे आहे, हे फोनला बहुधा ठीक कळत होते. पुढे रस्ता उरलेला नाही, हे कळत नव्हते.

उपग्रहाला पाणी, खड्डा किंवा खचलेला भराव दिसत नाही. नकाशा हा कोणीतरी, कधीतरी गोळा केलेल्या माहितीचा साठा असतो. शहरात वाहने भरपूर असल्याने बदल लवकर टिपले जातात. आडरस्त्यावर रात्री क्वचितच कोणी जाते, त्यामुळे तिथली चूक महिनोन्‌महिने राहू शकते. ‘सर्वांत जवळचा’ म्हणून दाखवलेला रस्ता पावसाळ्यात ओढ्यातून जाणारा असू शकतो. अनोळखी भागात अंधार पडल्यावर दहा-पंधरा मिनिटे वाचवण्यासाठी मुख्य रस्ता सोडू नये, हे म्हणूनच.

रुग्णवाहिका दुभाजकापलीकडे

आता हीच पाच मीटरची चूक अपघाताच्या जागी पाहू. द्रुतगती मार्गावर दोन्ही बाजू पूर्ण वेगळ्या असतात, मध्ये वळायला जागा नसते. पाठवलेले लोकेशन दुभाजकाच्या पलीकडे पडले, तर रुग्णवाहिका अपघातस्थळासमोर पोहोचते, पण चुकीच्या बाजूला. तिथून पुढच्या निर्गमन मार्गापर्यंत जाऊन परत यायचे, म्हणजे काही किलोमीटरचा फेरा. मोठ्या रक्तवाहिनीतून रक्तस्राव होत असेल, तर हा वेळ रुग्णाकडे नसतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ‘गोल्डन अवर’ म्हणजे दुखापतीनंतरचा एक तास, ही व्याख्या आली, ती वेळेचे हे मोल ओळखूनच. त्याच दुरुस्तीने जखमीला सद्‌हेतूने मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षणही दिले. त्यामुळे फोन करायला कचरू नये.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. तिथे फोन लावला की सर्वांत आधी दिशा सांगावी: ‘मुंबईकडून पुण्याकडे जाणाऱ्या बाजूला.’ हे एक वाक्य कोणत्याही ठिपक्यापेक्षा मोलाचे आहे. मग किलोमीटरचा आकडा सांगावा. द्रुतगती मार्गावर त्याचे फलक असतात. राष्ट्रीय महामार्गावर पिवळ्या आणि राज्य महामार्गावर हिरव्या माथ्याचे दगड असतात. शेवटचा टोलनाका, पेट्रोलपंप किंवा बोगदा कोणता लागला, हेही सांगावे. गावाचे नाव सांगताना तालुका आणि जिल्हा जोडावा. वडगाव, पिंपळगाव, नांदगाव ही नावे राज्यात किती ठिकाणी आहेत, याची मोजदाद नाही. नुसत्या नावावर शोध घेतला, तर फोन बिनदिक्कत भलत्या वडगावची वाट धरतो.

लोकेशन जरूर पाठवावे, पण पाठवण्याआधी एक आकडा पाहावा. व्हॉट्सअ‍ॅपवर आपले सध्याचे लोकेशन पाठवताना ते किती मीटरपर्यंत अचूक आहे, हे लिहिलेले असते. नकाशात ठिपक्याभोवती जे फिकट निळे वर्तुळ दिसते, त्याचा अर्थही तोच. वर्तुळ मोठे, तर खात्री कमी. फोनला उपग्रह मिळाले नाहीत तर तो मोबाइल टॉवरवरून अंदाज करतो आणि ग्रामीण भागात हा अंदाज किलोमीटरनेही चुकू शकतो. अँड्रॉइड फोन जो आकडा देतो, त्या वर्तुळाच्या आत आपण असण्याची शक्यता ६८ टक्के असते. म्हणजे साधारण तीनपैकी एकदा आपण त्याच्याही बाहेर असू शकतो. आकडा मोठा दिसला तर सुरक्षित जागी, मोकळ्या आकाशाखाली उभे राहून अर्धा मिनिट थांबावे. तो बहुधा खाली येतो. दरम्यान फोनवर बोलून माहिती द्यावी, आकडा सुधारण्यासाठी १०८ चा फोन लांबवू नये.

आणखी एक चूक घाईत होते. मुलगा पुण्यात, वडिलांच्या छातीत दुखते आहे गावी, आणि मुलगा स्वतःच्या फोनवरून आपलेच लोकेशन पाठवून देतो. रुग्ण जिथे आहे, तिथल्या माणसाच्या फोनवरूनच लोकेशन यायला हवे. शक्य असल्यास एकाने मुख्य रस्त्यावर येऊन टॉर्च दाखवत उभे राहावे. वस्तीपर्यंतचा शेवटचा अर्धा किलोमीटर फोनपेक्षा माणूस चांगला दाखवतो.

डोळे रस्त्यावरच

ताशी ८० किलोमीटर वेगात मोटार सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. पडद्यावर दोन सेकंद नजर गेली, तर ४४ मीटर रस्ता न पाहताच पार होतो. जीपीएसच्या पाच मीटरच्या चुकीपेक्षा ही चूक कितीतरी मोठी आहे. केंद्रीय नियमांनुसार २०२० पासून वाहन चालवताना हातातले उपकरण केवळ रस्ता पाहण्यासाठी आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही, अशा रीतीने वापरता येते. त्यासाठी गाडी सुरू करण्याआधीच पत्ता भरावा, संपूर्ण मार्ग एकदा नजरेखालून घालावा, फोन डॅशबोर्डवरच्या स्टँडमध्ये लावावा आणि आवाज सुरू ठेवावा. तिथे त्याला आकाशही जास्त दिसते, खिशात किंवा गिअरजवळच्या कप्प्यात कमी. वळण चुकले तर चुकू द्यावे. महामार्गावर गाडी मागे घेण्यापेक्षा पुढच्या फाट्यावरून येणे केव्हाही बरे. शेजारी कोणी असेल तर फोन त्याच्या हाती द्यावा.

पुढच्या प्रवासात चहाला थांबाल तेव्हा एकदा करून पाहा. लोकेशन पाठवायचा पडदा उघडून मीटरचा आकडा वाचा, जवळचा किलोमीटरचा दगड शोधा आणि आपण रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहोत, हे बरोबरच्या मुलांना एका वाक्यात सांगायला लावा. गरज पडेल त्या रात्री हे शिकायला वेळ मिळत नाही.