घरातला सर्व्हर रॅक: आधी मापं, मग खरेदी

घरी सर्व्हर ठेवायचं ठरलं की बहुतेक जण आधी रॅकच्या किमती बघायला लागतात. खरं तर रॅक ही त्यातली सगळ्यात साधी वस्तू. ठरावीक अंतरावर भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्या आणि त्यांना धरणारा सांगाडा, एवढंच. पैसे जातात ते आतल्या यंत्राला वर्षभर लागणाऱ्या विजेत. म्हणून निवड यंत्रापासून सुरू करावी.

घरच्या सर्व्हरला कामं तरी काय असतात? कुटुंबाचे फोटो आणि कागदपत्रं सांभाळणं, टीव्हीला सिनेमे पुरवणं, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग, फार तर जाहिराती अडवणं. जुन्या मालाच्या बाजारात कंपन्यांतून निघालेले मोठे सर्व्हर स्वस्तात मिळतात आणि मोहही होतो, पण असं यंत्र काही न करता नुसतं चालू राहिलं तरी सहज १०० वॅट खातं. दिवसाला २.४ युनिट, वर्षाला ८७६. शिवाय त्याचे छोटे पंखे इतके किंचाळतात की शेजारच्या खोलीत झोप लागत नाही. त्याऐवजी ऑप्टिप्लेक्स मायक्रो, थिंकसेंटर टायनी किंवा एलीटडेस्क मिनी यांसारखा वापरलेला छोटा संगणक घ्यावा. मोकळा असताना तो १० ते १५ वॅटमध्ये भागवतो, म्हणजे १५ धरले तरी वर्षाला १३१ युनिट. युनिटमागे दहा रुपये धरा. फरक वर्षाला सात हजारांच्या वर जातो. आणि महावितरणचं बिल टप्प्याटप्प्यानं चढतं, त्यामुळे सर्व्हरचे युनिट घरच्या वापराच्या डोक्यावर बसतात, म्हणजे तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यात.

हे छोटे संगणक सध्या भरपूर मिळतात, त्यालाही कारण आहे. विंडोज १० चा मोफत आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. कार्यालयांनी ते काढून टाकले. लिनक्सला मात्र ते उत्तम चालतात. डेबियन टाका किंवा प्रॉक्समॉक्स. दोन्ही फुकट आहेत.

आता मापं. ‘१९ इंची’ हे माप समोरच्या पट्टीच्या रुंदीचं, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर. दोन उभ्या पट्ट्यांमधली मोकळी जागा साधारण ४५० मिलिमीटर. उंची ‘यू’मध्ये मोजतात, एक यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिलिमीटर. प्रत्येक यूला तीन भोकं असतात, पण त्यांच्यातलं अंतर सारखं नसतं: १५.९, १५.९ आणि मग १२.७ मिलिमीटर. जी दोन भोकं जास्त जवळ दिसतात, त्यांच्या बरोबर मधे एक यू संपतो आणि दुसरा सुरू होतो. ही खूण न बघता ट्रे एका भोकानं वर-खाली लागला, की त्याच्या शेजारचा प्रत्येक भाग अडतो. चौकोनी भोकात बसणारा पिंजरा-नट लावताना त्याचे कान डावी-उजवीकडे ठेवावेत, एक कान आधी अडकवावा आणि दुसरा पकडीनं दाबून आत ढकलावा. नुसत्या बोटांनी प्रयत्न केला तर नखं तुटतात.

मापं कळली की स्वस्त वाटा आपोआप दिसतात. युरोपातल्या हौशी लोकांनी आयकियाचं ‘लॅक’ नावाचं छोटं टेबल रॅक म्हणून वापरलं, कारण त्याच्या पायांमधलं अंतर जवळपास ४५ सेंटिमीटर आहे. नवी मुंबईत आयकिया आहेच, पण ते पाय आतून पोकळ असतात, जड सामान त्यांच्या स्क्रूंवर टांगू नये. माझं मत विचाराल तर ओळखीच्या सुताराकडून आतून ४५० मिलिमीटर मोकळा प्लायवूडचा खोका करून घेणं जास्त भरवशाचं. विकत घ्यायचाच असेल तर दुकानात सीसीटीव्हीचा सहा यूचा भिंतीवरचा रॅक मागा. त्याची खोली कमी असते, मोठा सर्व्हर त्यात मावत नाही. आपल्या छोट्या संगणकाला तो भरपूर होतो. सोबत दोन ट्रे घ्या. संगणकांचे अॅडॉप्टर चांगले ठोकळ्यासारखे असतात, त्यांना मागे जागा सोडा. चार-पाच केबलींसाठी पॅच पॅनल घेऊ नका, आठ पोर्टचा गिगाबिट स्विच पुरे.

केबलवर मात्र काटकसर करू नये. कॅट सिक्सच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तारही विकली जाते. एक तार सोलून ब्लेडनं हळूच खरवडा. आतून पांढरी चमक आली तर ती परत करा. ही तार दोन-चार वेळा वाकवली की तुटते, आणि तिच्यातून कॅमेऱ्याला वीज दिली तर तापते.

भिंत कसली आहे हे भोक पाडण्याआधी बघा. जुन्या विटांच्या भिंतीत साधे फास्टनर धरतात. नव्या इमारतींतल्या सिपोरेक्स ठोकळ्यांच्या भिंतीत ते भुगा करून सुटतात, तिथे त्याच ठोकळ्यांसाठी बनवलेले फास्टनर लागतात. यूपीएस जड असतो. त्याला जमिनीवरच राहू द्या. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि रॅकचा सांगाडाही अर्थला जोडा.

जागा निवडताना उन्हाळा आठवा. आत गेलेला प्रत्येक वॅट उष्णता होऊन बाहेर पडतो. विदर्भात-मराठवाड्यात पत्र्याखालचा माळा मे महिन्यात यंत्रांना मारक ठरतो. हार्ड डिस्क ४५ अंशांच्या खाली राहिलेली बरी. संगणकाच्या वर एक यू रिकामा सोडा. मागच्या मोकळ्या खाचांना बारीक जाळी लावा. पाली आणि मुंग्या ऊब शोधत आत शिरतात.

वापरलेली डिस्क घेतलीत तर तिचे चालू तास आणि बदललेल्या सेक्टरांचा आकडा आधी वाचा. दुसरा आकडा शून्य नसेल तर ती डिस्क घेऊ नका. दोन डिस्कवर एकच माहिती आरशासारखी ठेवली तरी तो बॅकअप नव्हे, कारण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते. तिसरी प्रत घराबाहेर हवी.

शेवटी यूपीएस. छोट्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. हातात त्याहून बरंच कमी येतं. संगणक, स्विच आणि राउटर मिळून ४० वॅट धरले तर पाऊण तासाहून जास्त अपेक्षा ठेवू नका. यूएसबी पोर्ट असलेलाच यूपीएस मागा, म्हणजे बॅटरी संपत आली की ‘नट’ ही प्रणाली सर्व्हर नीट बंद करते. बायॉसमध्ये वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय चालू करा. मग यूपीएसच्या सॉकेटचं बटण भरदिवसा बंद करा आणि यंत्र स्वतःहून बंद होतं का, बटण पुन्हा लावल्यावर स्वतःहून उठतं का, ते समोर उभं राहून बघा. फोटो त्यात भरायचे ते यानंतरच.