कोल्हापूरच्या तालमी

कोल्हापूरच्या तालमी या महाराष्ट्रातील कोल्हापूर शहरात मल्लविद्येचे शिक्षण देणाऱ्या स्थानिक संस्था होत. मोतीबाग तालीम, गंगावेश तालीम, शाहूपुरी तालीम आणि मठ तालीम या त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहेत. छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) या तालमींना राजाश्रय लाभला व कोल्हापूरची ओळख 'कुस्तीची पंढरी' अशी झाली. या तालमींत केवळ कोल्हापूर परिसरातीलच नव्हे, तर मराठवाडा, सोलापूर, सांगली, उत्तर कर्नाटक आणि उत्तर भारतातील मल्लांनीही शिक्षण घेतले आहे.

नाव व अर्थ

'तालीम' हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ शिक्षण असा आहे. मराठीत तो व्यायाम व कुस्तीचे शिक्षण, तसेच ते जेथे दिले जाते ती वास्तू, अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. उत्तर भारतात याच संस्थेला 'आखाडा' म्हणतात. मराठीत मात्र आखाडा हा शब्द बहुधा कुस्ती खेळण्याच्या जागेसाठी येतो. तालमीतील मुख्य शिक्षकास 'वस्ताद' म्हणतात व शिकणाऱ्यास 'पठ्ठा'. मल्लाची ओळख सांगताना त्याच्या गावाबरोबर तालमीचे आणि वस्तादाचे नाव सांगण्याची प्रथा आजही पाळली जाते.

रचना

जुन्या तालमीची वास्तू बहुधा जाड भिंतींची, कमी उंचीच्या दाराची व अल्प उजेडाची असते. दार ठेंगणे असल्याने आत येणाऱ्यास वाकूनच प्रवेश करावा लागतो. मध्यभागी तांबड्या मातीचा हौदा असतो. हौद्यातील माती चाळून, खडे काढून घेतात आणि तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर इत्यादी पदार्थ मिसळतात. त्यामुळे माती मऊ राहते व अंगावरील ओरखडे चिघळत नाहीत, असा अनुभव सांगितला जातो. माती रोज फावड्याने खणून मोकळी केली जाते. हे काम मल्लच करतात व तो व्यायामाचाच भाग मानला जातो. हौद्याजवळ मारुतीची मूर्ती किंवा तसबीर असते.

मल्लांच्या निवासाची सोय तालमीतच किंवा तिच्या माडीवर असते. परगावचे मल्ल तेथे वर्षानुवर्षे राहतात, आपला स्वयंपाक स्वतः करतात व लहान मल्ल मोठ्यांच्या देखरेखीखाली वाढतात. या सहनिवासामुळे तालीम ही व्यायामशाळा आणि वसतिगृह अशा दोन्ही भूमिका पार पाडते.

दिनक्रम व शिक्षण

मल्लांचा दिवस पहाटेपूर्वी सुरू होतो. सकाळी जोर, बैठका, धावणे व लढती, तर सायंकाळी पुन्हा मेहनत असा सर्वसाधारण क्रम असतो. मुद्गल, करेला, गदा, मल्लखांब व दोर ही पारंपरिक साधने आहेत. समान ताकदीच्या दोन मल्लांना 'जोड' म्हणतात. चांगली जोड मिळणे हे प्रगतीसाठी आवश्यक असते, कारण आपल्याहून दुबळ्या मल्लाशी रोज लढून कोणी वर चढत नाही. गावोगावचे होतकरू मल्ल मोठ्या तालमीत येऊन राहतात, त्यामागे हे एक प्रमुख कारण आहे.

एकेरी पट, दुहेरी पट, ढाक, टांग, कलाजंग, घिस्सा, धोबीपछाड, एकलंगी हे काही प्रचलित डाव आहेत. प्रत्येक डावाला त्याचा तोड असतो व वस्ताद डाव आणि तोड एकत्रच शिकवतो. हे शिक्षण लिखित नसते. ते अंगाला अंग लावून, एकच हालचाल शेकडो वेळा करून घेऊन दिले जाते.

आहारास 'खुराक' म्हणतात. दूध, तूप, बदाम घातलेली थंडाई, फळे, अंडी व मांस यांचा त्यात समावेश असतो. म्हशीचे धारोष्ण दूध पिण्याची कोल्हापुरातील पद्धत मल्लांच्या खुराकाशी जोडली जाते. शहरातील दूध कट्ट्यांवर गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळून पेल्यात दूध देण्याची प्रथा त्यातूनच प्रसिद्धीस आली.

इतिहास

राजाश्रयाचा काळ

शाहू महाराज (१८७४–१९२२) स्वतः कुस्ती खेळत असत. त्यांनी मल्लांना राहण्याची जागा व खुराक यांसाठी संस्थानातून साहाय्य दिले आणि पंजाब व उत्तरेकडील नामांकित मल्लांना कोल्हापुरात पाचारण केले. त्यामुळे स्थानिक मल्लांना देशातील सर्वोत्तम मल्लांशी लढण्याची व त्यांचे डाव जवळून पाहण्याची संधी मिळाली.

१९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त महाराज इंग्लंडला गेले. या प्रवासात त्यांनी रोम येथील कोलोझियम पाहिले व तशाच धर्तीवर कुस्तीसाठी मैदान बांधण्याचे ठरवले. १९०७ मध्ये सुरू झालेले खासबाग मैदानाचे काम १९१२ मध्ये पूर्ण झाले. मध्यभागी आखाडा व त्याभोवती उतरत जाणारी वर्तुळाकार बैठक अशी त्याची रचना असून कोठूनही लढत स्पष्ट दिसते. सुमारे तीस हजार प्रेक्षक बसू शकतील एवढे हे मैदान मोठे आहे. उद्घाटनाच्या प्रसंगी गामा पहिलवानाचा बंधू इमाम बक्ष व गुलाम मोहिद्दीन यांची लढत झाली. मैदानामुळे तालमीत होणाऱ्या मेहनतीला लोकांसमोर सिद्ध होण्याचे कायमचे स्थान मिळाले.

स्वातंत्र्यानंतर

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले व तालमींचा राजाश्रय संपुष्टात आला. त्यानंतर लोकवर्गणी, जत्रांतील इनामे, सहकारी साखर कारखाने व स्थानिक संस्थांचे मानधन यांवर मल्लांचा खर्च चालू लागला. या संक्रमणाचे सर्वांत बोलके उदाहरण खाशाबा जाधव यांचे आहे. कराडजवळील गोळेश्वर येथे १९२६ मध्ये जन्मलेले जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांना कोल्हापूरच्या महाराजांचे साहाय्य मिळाले. मातीवर वाढलेल्या जाधवांनी तेथे गादीवर लढून फ्लायवेट गटात सहावे स्थान मिळवले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी मात्र खर्चाची तजवीज लोकांकडून करावी लागली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत जाधवांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरवून बँटमवेट फ्रीस्टाइल गटात कांस्यपदक पटकावले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

१९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना झाली व १९६१ पासून 'महाराष्ट्र केसरी' किताबाची स्पर्धा सुरू झाली. विजेत्यास चांदीची गदा दिली जाते.

प्रमुख तालमी व मल्ल

शाहूपुरी तालीम : श्रीपती खंचनाळे हे या तालमीचे सर्वांत प्रसिद्ध मल्ल. ते मूळचे बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचे. हसनबापू तांबोळी हे त्यांचे वस्ताद होते. १९५९ मध्ये दिल्लीत बंतासिंगला हरवून खंचनाळे 'हिंदकेसरी' झाले. हा किताब मिळवणारे ते महाराष्ट्राकडून लढलेले पहिले मल्ल होत.

मोतीबाग तालीम : सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यात पुनवत येथे जन्मलेले गणपतराव आंदळकर १९६० मध्ये हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण व फ्रीस्टाइल प्रकारात रौप्यपदक मिळवले. १९६४ मध्ये त्यांनी तोक्यो ऑलिंपिकमध्ये भाग घेतला व त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. पुढे अनेक दशके ते या तालमीचे वस्ताद होते. त्यांचे शिष्य दादू चौगुले यांनी १९७० व १९७१ मध्ये महाराष्ट्र केसरी, १९७३ मध्ये हिंदकेसरी हे किताब व १९७४ च्या क्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवले.

गंगावेश तालीम : शहरातील गंगावेश भागातील ही तालीम परगावच्या मल्लांचे मोठे केंद्र मानली जाते. मराठवाड्यातून आलेले हरिश्चंद्र बिराजदार येथेच घडले.

मराठवाडा व कोल्हापूरच्या तालमी

१९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्यात गावतालमी व जत्रांतील फड यांची परंपरा होती. ग्रामदैवताच्या जत्रेत शेवटच्या दिवशी कुस्त्यांचा फड भरवण्याची चाल धाराशिव, लातूर, बीड, सोलापूर या पट्ट्यात सर्वत्र आढळते. नारळाच्या किंवा रेवड्यांच्या कुस्त्यांपासून आरंभ होऊन मोठ्या इनामाची कुस्ती अखेरीस लावली जाते व हलगीच्या तालावर लढती रंगतात. मात्र गावतालमीत ठरावीक टप्प्यानंतर जोड व वस्ताद यांची उणीव भासत असल्याने होतकरू मल्ल कोल्हापूरची वाट धरत.

हरिश्चंद्र बिराजदार हे निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड येथील. हा तालुका १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत, तुळजापूरप्रमाणेच, तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात होता. १९६९ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा लातूर येथे झाली व ती जिंकून बिराजदारांनी आपल्याच जिल्ह्यात गदा उचलली. १९७७ मध्ये दिल्लीचा मल्ल सत्पाल याच्यावर मिळवलेल्या विजयामुळे ते देशभर ओळखले जाऊ लागले. नंतर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी वस्ताद म्हणून काम केले. २००६ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला व २०११ मध्ये त्यांचे निधन झाले.

बिराजदारांच्या तालमीतून मराठवाड्याच्या पुढील पिढीचे मल्ल तयार झाले. लातूर जिल्ह्यातील काका पवार यांना १९९८ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांनी पुण्यात स्वतःचे कुस्ती संकुल उभारले. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे यांनी बिराजदार व पवार या दोघांकडे शिक्षण घेऊन २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण व २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक जिंकले. अशा रीतीने गंगावेशीत घेतलेले शिक्षण पुण्यामार्गे पुन्हा मराठवाड्याच्या मुलांपर्यंत पोहोचले. नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिव येथील श्री तुळजाभवानी स्टेडियमवर महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. तिच्या अंतिम लढतीत शिवराज राक्षे यांनी हर्षवर्धन सदगीर यांचा पराभव केला. हे दोन्ही मल्ल काका पवार यांच्या संकुलात घडले होते.

मातीकडून गादीकडे

पारंपरिक मातीवरील कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला टेकवणे, म्हणजे चितपट करणे, हाच विजयाचा निकष असतो. फडात वेळेचे बंधन सैल असते व निकाल न लागल्यास कुस्ती बरोबरीत सोडवली जाते. ऑलिंपिक पद्धतीत लढत नऊ मीटर व्यासाच्या गादीवर, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत होते व प्रत्येक डावाला गुण मिळतात. फ्रीस्टाइल प्रकारात दहा गुणांची आघाडी मिळताच लढत थांबते.

या फरकामुळे शिक्षणाची पद्धतही बदलते. मातीत पाय रुततात, त्यामुळे पकड, ताकद व दम यांना महत्त्व येते. गादीवर हालचाल वेगवान असते, म्हणून चपळता व गुणांचा हिशेब निर्णायक ठरतो. मातीत वर्षानुवर्षे तयार झालेल्या मल्लास आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी बरेच काही नव्याने शिकावे लागते. यावर उपाय म्हणून अनेक तालमींनी हौद्याबरोबर गादीचीही सोय केली आहे. महाराष्ट्र केसरी स्पर्धेतही माती व गादी असे दोन विभाग असून दोन्हींच्या विजेत्यांत किताबाची लढत होते.

युरोपातील कुस्तीसंस्थांची घडण वेगळी आहे. जर्मनीत स्थानिक कुस्ती क्लब हे नोंदणीकृत संस्था म्हणून सदस्यांच्या वर्गणीवर चालतात. तेथे क्लबांच्या संघांमध्ये 'बुंडेसलीगा' ही साखळी स्पर्धा होते व निरनिराळ्या वजनगटांतील मल्लांच्या गुणांची बेरीज करून संघाचा निकाल लावला जातो. तालमीत मात्र मल्ल एकट्याच्या नावावर लढतो व संस्थेचे सातत्य वस्ताद-पठ्ठा या नात्यावर अवलंबून असते. त्यामुळे चांगला वस्ताद गेल्यावर तालीम ओस पडण्याचा धोका राहतो.

महिला व कुस्ती

पारंपरिक तालमींत स्त्रियांना प्रवेश नसे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये महिला कुस्तीचा समावेश झाल्यानंतर परिस्थिती हळूहळू बदलली. कोल्हापूर जिल्ह्यातूनही राष्ट्रीय पातळीवरील महिला मल्ल पुढे आल्या. मार्च २०२३ मध्ये सांगली येथे पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली व तीत प्रतीक्षा बागडी विजेत्या ठरल्या. मुलींच्या निवासाची स्वतंत्र सोय जुन्या वास्तूंत नसल्याने त्यांचे शिक्षण प्रामुख्याने नव्या कुस्ती संकुलांत होते.

सद्यस्थिती

कोल्हापुरातील पेठांमधील अनेक तालमींचे स्वरूप बदलले आहे. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ ही नावे आज प्रामुख्याने फुटबॉल संघांची म्हणून परिचित आहेत. गणेशोत्सव व पेठेतील सामाजिक कार्य यांतही ही मंडळे अग्रेसर असतात. नाव तालमीचे, पण ओढ चेंडूची, असे हे परिवर्तन असले तरी पेठेतील तरुणांना एकत्र ठेवण्याचे तालमीचे मूळ कार्य त्यातून चालू राहिले आहे.

कुस्ती शिकवणाऱ्या तालमींपुढील प्रमुख प्रश्न खर्चाचा आहे. खुराकाचा भार बहुतेक मल्लांच्या शेतकरी कुटुंबांवर पडतो. अवर्षणाच्या वर्षी मुलाला तालमीतून परत बोलावण्याची वेळ येते, कारण घरचे उत्पन्न व जत्रांतील इनामे ही दोन्ही एकाच वेळी आटतात. दुखापत झाल्यास किंवा किताब न मिळाल्यास उपजीविकेचे साधन राहत नाही. पोलीस, सैन्यदल व रेल्वे यांतील खेळाडूंसाठीच्या नोकऱ्या हा अनेकांचा आधार आहे. झटपट शरीर कमावण्यासाठी उत्तेजक द्रव्यांचा वापर हाही चिंतेचा विषय ठरला आहे.

वास्तूंच्या जतनाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. ८ ऑगस्ट २०२४ रोजी खासबाग मैदानालगतच्या केशवराव भोसले नाट्यगृहास लागलेल्या आगीत नाट्यगृह भस्मसात झाले व मैदानाच्या व्यासपीठालाही तिची झळ बसली. एकाच राजाने शेजारी-शेजारी उभारलेल्या या दोन वास्तू शहराच्या सांस्कृतिक जीवनाची केंद्रे मानल्या जातात.