बदलांतून ‘अस्सल’ ठरलेली रोडस्टर

जुन्या मोटारींच्या जगात ‘अस्सल’ या शब्दाला मोठे वजन असते. कारखान्यातून बाहेर पडताना मोटार जशी होती तशीच ती टिकली असेल, तर तिचे मोल अधिक. अमेरिकेतील ‘हॉट रॉड’ मोटारींनी मात्र हा निकषच उलटा केला. कॅलिफोर्नियातील डोन स्पेन्सर यांनी घडविलेली १९३२ ची फोर्ड रोडस्टर हे त्याचे ठळक उदाहरण होय.

रोडस्टर म्हणजे पक्के छप्पर नसलेली, दोन आसनांची हलकी मोटार. फोर्ड कंपनीने १९३२ मध्ये या मोटारीत आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन बसविले. त्याची ताकद ६५ अश्वशक्ती होती. तोवर असे इंजिन महागड्या मोटारींतच आढळे. फोर्डने ते सुमारे ४६० डॉलरच्या मोटारीत दिले. काही वर्षांनी याच मोटारी जुन्या बाजारात अगदी स्वस्तात मिळू लागल्या आणि वेगाचे वेड असलेल्या, पण खिसा रिकामा असलेल्या तरुणांच्या हाती पडल्या.

या तरुणांचे तंत्र सरळ होते. वजन घटवायचे आणि ताकद वाढवायची. मडगार्ड, बंपर असे शर्यतीला निरुपयोगी भाग काढून टाकले जात. एकाऐवजी दोन-तीन कार्बोरेटर बसवून इंजिनाला अधिक इंधन व हवा दिली जाई. मोटारीची परीक्षा होई ती मुरॉक आणि एल मिराज येथील कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाट पात्रांत. या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी १९३७ मध्ये ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन झाली. तरीही रस्त्यांवरील बेकायदा शर्यतींमुळे हॉट रॉडवाला म्हणजे उपद्रवी, अशीच सर्वसाधारण समजूत होती.

स्पेन्सर यांच्या हाती ही रोडस्टर १९४४ मध्ये आली. काळ्या रंगाच्या या मोटारीला पुढे दोन भागांची, मागे झुकलेली डुव्हाल काच होती. तिच्या ठेवणीची वाखाणणी झालीच. शिवाय १९५० मध्ये युटा राज्यातील बॉनव्हिलच्या मीठमैदानावर तिने ताशी सुमारे २०० किलोमीटरचा वेग गाठला.

यानंतर स्पेन्सर यांना मेक्सिकोतील ‘कारेरा पानअमेरिकाना’ ही शर्यत खुणावू लागली. १९५० मध्ये सुरू झालेली ही शर्यत सपाट मैदानावरची नव्हती. डोंगर-दऱ्यांतून जाणारा तीन हजारांहून अधिक किलोमीटरचा खुला रस्ता पार करायचा होता. तेथे नुसता वेग पुरेसा नव्हता. स्पेन्सर यांनी अधिक दमदार ब्रेक बसविले. खडबडीत वाटेवर धुराच्या नळ्या आदळू नयेत म्हणून त्या सांगाड्याच्या आरपार काढल्या. परंतु अपघातांनी बदनाम झालेली ही शर्यत १९५४ नंतर बंद पडली. मोटार सज्ज होत असतानाच तिचे ध्येय हरपले. पुढे स्पेन्सर यांनी ती विकली.

हात बदलत ही मोटार अखेरीस संग्राहक ब्रूस मेयर यांच्याकडे आली. तिचा जीर्णोद्धार ‘सो-कॅल स्पीड शॉप’मध्ये झाला. येथेच मूळ प्रश्न उभा राहिला. जीर्णोद्धार करायचा तो कोणत्या रूपात? कारखान्यातील रूप परत आणले असते, तर हजारो मोटारींसारखी आणखी एक फोर्ड तयार झाली असती आणि स्पेन्सर यांचे काम पुसले गेले असते. म्हणून त्यांनी घडविलेले रूपच प्रमाण मानण्यात आले.

१९९७ मध्ये ‘पेबल बीच’ येथील प्रतिष्ठित मोटार प्रदर्शनाने प्रथमच हॉट रॉडसाठी स्वतंत्र गट ठेवला. उमरावी मोटारींचे माहेरघर मानल्या गेलेल्या त्या हिरवळीवर या गटाचा पहिला मान स्पेन्सर यांच्या रोडस्टरला मिळाला. ज्या मेक्सिकोच्या रस्त्यासाठी ती सजली, तेथे ती कधी धावली नाही. पण त्या तयारीच्या खुणाच तिच्या अस्सलपणाचा पुरावा ठरल्या. वस्तूचे मोल तिच्या जन्मखुणांत असते, तसेच ते तिच्यावर राबलेल्या हातांच्या खुणांतही असते, याला त्या दिवशी मान्यता मिळाली.