पाच सेलची विजेरी

दिवाळीच्या झाडलोटीत आमच्या कामोठ्याच्या ब्लॉकमध्ये माळ्यावरून मामांची पाच सेलची विजेरी निघाली. लेसरचा लाल ठिपका भिंतीवर नाचवीत नातवाने विचारले, "आजोबा, हिच्यावर शिकार करायचे?"

करायचे बाबा! १९६४ साली मी अकरा वर्षांचा. कर्नाळ्याच्या बाजूला, रात्री, मामांच्या बंदुकीमागे विजेरी धरून उभा होतो. झुडपात दोन निखारे पेटले. भेकराच्या डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा थर असतो, हे मला फार पुढे कळले. ते पळाले नाही. उजेडात खिळून राहिले. बार झाला. मामांनी माझी पाठ थोपटली. त्या रात्री मी जेवलो नाही, कारण मात्र कुणाला सांगितले नाही.

कर्नाळ्याला १९६८ साली पक्षी-अभयारण्य झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सतरावे कलम आले: कृत्रिम प्रकाश, रात्रीची शिकार, मोटारीतून गोळी, पाणवठ्यावर टपणे, सर्वांस मनाई. सवलत एवढीच, की मारलेल्या भक्ष्यावर येणाऱ्या मांसाहारी जनावरासाठी खास परवाना मिळे. म्हणजे परवानेवाल्या शिकाऱ्यानेही जनावराला निसटायला वाव द्यायचा! १९९१ च्या दुरुस्तीने ते कलमच गेले. हौसेची शिकारच समूळ बंद झाल्यावर, विजेरी काय नि लेसर काय, उजेडाचा नियम हवा कशाला?

नातवाला कलमांत गोडी नव्हती. त्याने एवढेच विचारले, "मग तुम्ही लाइट बंद का नाही केला?"

बटण माझ्या अंगठ्याखालीच होते.