विश्लेषण : नागपूरची रेल्वे १६.५ मिलिमीटरच्या रुळावर बसते का?

लकडगंज म्हटले की लाकडाच्या वखारी, आरामशीनचा आवाज आणि प्लायवूडची दुकाने आठवतात. याच भागाजवळ इतवारी स्थानक आहे, सेंट्रल अॅव्हेन्यूवर डोक्यावरून मेट्रो धावते आणि तिकडे मोहननगरच्या बाजूला नागपूरचे प्रसिद्ध डायमंड क्रॉसिंग आहे. रेल्वेची हौस असणाऱ्याला याहून सोयीचा पत्ता शोधून सापडणार नाही. तरीही रेल्वे न्याहाळणे आणि तिची लहान प्रतिकृती घरात चालवणे हा आयुष्यभर पुरणारा छंद असू शकतो, हे आपल्याकडे अनेकांच्या गावी नसते. ‘खेळण्यातली गाडी’ म्हणून तो निकालात निघतो. हा छंद नेमका काय आहे आणि नागपुरात तो कसा जोपासता येतो?

रेल्वेप्रेमी नेमके करतात काय?

या छंदाच्या दोन शाखा आहेत. पहिली खऱ्या रेल्वेमागे फिरण्याची. इंजिनांचे क्रमांक टिपणे, कोणत्या गाडीला कोणत्या शेडचे इंजिन लागले याची नोंद ठेवणे, बंद पडणाऱ्या मार्गावर शेवटचा प्रवास करणे, जुनी वेळापत्रके आणि पुठ्ठ्याची तिकिटे जपणे. दुसरी शाखा घरातली : ठरावीक प्रमाणात लहान केलेली रेल्वे रूळ, स्थानक, सिग्नल आणि झाडांसह उभी करणे. बहुतेक जण पहिल्या शाखेतून दुसरीत येतात. पाहिलेले जपून ठेवावेसे वाटते, हे त्याचे साधे कारण.

वयाचे बंधन मात्र कुठेच नाही. वॉल्ट डिस्ने यांनी १९५०मध्ये स्वतःच्या घराच्या आवारात माणसे बसतील अशी छोटी वाफेची रेल्वे सुरू केली होती. ब्रिटिश गायक रॉड स्टुअर्ट यांनी वीस वर्षांहून अधिक काळ खपून अमेरिकी शहराची भव्य प्रतिकृती उभारली आणि २०१९मध्ये ती जगासमोर आणली. आपल्याकडे पुण्याच्या भाऊसाहेब जोशी यांनी तर या वेडाचे संग्रहालयच केले. कोथरूडमधील जोशी लघुरेल्वे संग्रहालय १९९८पासून पाहायला खुले आहे. पुण्याला जाणाऱ्या नागपूरकराने शनिवारवाड्याबरोबर तेही पाहून यावे.

पाहण्यासारखे नागपुरात काय?

पहिली गोष्ट म्हणजे गेज. दोन रुळांमधील अंतराला गेज म्हणतात आणि नागपूरने एकूण चार गेज पाहिले आहेत. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे मुंबईकडून १८६७मध्ये येथे पोहोचली ती १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजने. पूर्वेकडे छत्तीसगडला जाणारी लोहमार्गाची रेषा मात्र आधी १,००० मिलिमीटरच्या मीटरगेजवर होती. १८८७मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली. पुढे सातपुड्याच्या जंगलपट्ट्यासाठी ७६२ मिलिमीटरचे नॅरोगेज आले. आणि नागपूर मेट्रो धावते ती १,४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवर. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

दुसरी गोष्ट प्रशासनाची. नागपुरात रेल्वेचे दोन वेगवेगळे ‘नागपूर विभाग’ आहेत : एक मध्य रेल्वेचा, दुसरा दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा. इतवारी आणि मोतीबाग दुसऱ्याकडे, नागपूर स्थानक आणि अजनी पहिल्याकडे. त्यामुळे दूरदूरच्या शेडची इंजिने येथे सहज दिसतात.

डायमंड क्रॉसिंगबद्दल समाजमाध्यमांवर फिरणारा दावा थोडा तपासून घ्यायला हवा. एक लोहमार्ग दुसऱ्याला छेदून जातो तेव्हा रुळांची चौकट हिऱ्यासारखी दिसते, म्हणून हे नाव. येथे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर जात नाही, सरळ ओलांडून जाते. नागपूरचे क्रॉसिंग देखणे आणि वर्दळीचे आहे यात शंका नाही. पण ‘भारतातील एकमेव’ हे विशेषण खरे नाही, देशात इतरत्रही डायमंड क्रॉसिंग आहेत.

इंजिनावरची अक्षरे कशी वाचायची?

रेल्वेप्रेमाची बाराखडी इथून सुरू होते. ‘डब्ल्यूएपी-७’मधील ‘डब्ल्यू’ म्हणजे ब्रॉडगेज, ‘ए’ म्हणजे एसी विजेवर चालणारे आणि ‘पी’ म्हणजे प्रवासी गाडीसाठीचे. ‘पी’च्या जागी ‘जी’ असेल तर मालगाडीचे. अजनीच्या शेडमुळे नागपूरकरांना ‘डब्ल्यूएजी-९’ नेहमी दिसते, शिवाय १२ हजार अश्वशक्तीच्या ‘डब्ल्यूएजी-१२’ इंजिनांच्या देखभालीचे केंद्रही नागपुरात आहे. इतवारीहून पूर्वी सुटणाऱ्या छोट्या गाड्यांना ‘झेडडीएम’ वर्गाची इंजिने असत. त्यातील ‘झेड’ म्हणजे नॅरोगेज, ‘डी’ डिझेल आणि ‘एम’ म्हणजे प्रवासी व माल दोन्हींसाठी.

डब्यांच्या जुन्या पाच आकडी क्रमांकातील पहिले दोन आकडे बांधणीचे वर्ष सांगतात. शेवटचे तीन आकडे डब्याचा प्रकार सांगतात, २०१ ते ४००च्या दरम्यान असतील तर तो स्लीपर. रुळाकडेच्या पिवळ्या पाटीवरचे ‘सी/फा’ म्हणजे ‘सीटी, फाटक’ : पुढे फाटक आहे, शिट्टी वाजवा, अशी चालकाला सूचना. एवढे कळले तरी नागपूर ते गोंदिया प्रवासात मोबाइलची फारशी गरज उरत नाही.

मग १६.५ मिलिमीटरचा पेच काय?

जगभर सर्वाधिक चालणारे लघुरेल्वेचे प्रमाण ‘एचओ’ आहे. यात प्रत्येक गोष्ट खऱ्यापेक्षा ८७ पट लहान असते आणि रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. हा आकडा आला युरोप-अमेरिकेच्या स्टँडर्ड गेजवरून : १,४३५ भागिले ८७ म्हणजे साधारण १६.५. भारतीय ब्रॉडगेजला हाच भागाकार लावला तर उत्तर येते १९.२६. म्हणजे दुकानात मिळणाऱ्या रुळावर भारतीय गाडी चालवायची, तर ती पावणेतीन मिलिमीटरने अरुंद रुळावर धावणार. बहुतेक भारतीय हौशी लोक ही तडजोड मान्य करतात. परदेशी बनावटीच्या इंजिनाचा सांगाडा घेतात, त्यावर भारतीय इंजिनाचे कवच बसवतात आणि बाजूने पाहतात. समोरून पाहिले की फरक कळतो. काही कट्टर मंडळी स्वतःच रूळ घालतात, पण ते काम चिकाटीचे आहे.

दुसरी अडचण लांबीची. एलएचबी डबा साडेतेवीस मीटरचा, म्हणजे एचओमध्ये २७ सेंटिमीटरचा. २२ डबे आणि इंजिन जोडले तर गाडी सहा मीटरच्या पुढे जाते. एवढी लांब खोली लकडगंजच्या किती घरांत असेल? आणि वळणे? ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर धरतात, ८७ पट लहान केली तरी दोन मीटर. नुसते वळून परत यायलाच चार मीटर रुंदी हवी.

इथे नॅरोगेज मदतीला येते. ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.७६ मिलिमीटर. बाजारात ‘एन’ या आणखी लहान प्रमाणाचे ९ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात, ते येथे जवळजवळ तंतोतंत बसतात. नॅरोगेजला ४४ मीटर त्रिज्येचे वळणही चालते, म्हणजे एचओमध्ये जेमतेम ५० सेंटिमीटर. आठ बाय चार फुटांच्या एका प्लायवर नागभीडची छोटी गाडी कोणतीही तडजोड न करता फिरू शकते. विदर्भातल्या हौशी माणसासाठी ही चैनच म्हणायची.

आणि मेट्रो? तिचा गेज १,४३५ मिलिमीटर असल्याने नागपुरातील हीच एक गाडी दुकानातल्या १६.५ मिलिमीटरच्या रुळावर अचूक बसते. तीन डब्यांची अख्खी गाडी पाऊण मीटरच्या आसपास. खांबांवरचा मार्ग, खाली टेलिफोन एक्स्चेंज चौक, रिक्षा आणि हातगाड्या. शाळकरी मुलाने पहिला प्रकल्प म्हणून सेंट्रल अॅव्हेन्यूवरची ही अॅक्वा लाइन घ्यायला हरकत नाही.

लकडगंजचा इथे उपयोग काय?

पुष्कळ. लघुरेल्वेचा पाया म्हणजे लाकडी फळी. नागपूरच्या उन्हाळ्यात साधा प्लाय वाकतो आणि पावसाळ्यात फुगतो, रूळ वर-खाली झाला की गाडी घसरते. म्हणून पाणी सहन करणारा १२ मिलिमीटरचा प्लाय आणि खाली पट्ट्यांची चौकट हवी. चौकटीसाठी वखारीतले कटपीस पुरतात. रूळ जोडताना सांध्यात किंचित फट सोडावी, ४५ अंशांत धातू पसरतो हे खऱ्या रेल्वेलाही चुकलेले नाही. आरामशीनचा बारीक भुसा हिरव्या रंगात भिजवून वाळवला की गवत तयार, ही लघुरेल्वेवाल्यांची जुनी युक्ती आहे. चाळलेली रेती खडी म्हणून चालते.

पैसा लागतो तो इंजिन आणि रुळांना. आयात केलेला सुरुवातीचा चांगला संच पाच आकड्यांत जातो. त्यामुळे सुरुवातीलाच मोठी खरेदी करू नये. एक वर्तुळ, एक सांधा, एक इंजिन आणि १२ व्होल्टचा साधा नियंत्रक एवढ्यावर वर्षभर निघते. स्थानकाची इमारत पुठ्ठ्याची करावी. संगणकीय नियंत्रण, एकाच रुळावर दोन इंजिने वेगवेगळी चालवणे हे सगळे नंतर. हा छंद घाईने करणाऱ्यांचा नाही.

फोटो काढताना कायदा काय सांगतो?

सर्वांत महत्त्वाचे : रुळांवर उतरायचे नाही. विनापरवानगी रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा रेल्वे कायदा, १९८९च्या कलम १४७नुसार गुन्हा आहे, त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. डायमंड क्रॉसिंगवर उभे राहून रील करणे या छंदात मोडत नाही. विजेवरच्या गाडीचा आवाज जवळ येईपर्यंत कळत नाही आणि तिथे गाडी कोणत्या बाजूने येईल याचा अंदाज बांधणे जाणत्यालाही अवघड जाते. वर पंचवीस हजार व्होल्टची तार असते, सेल्फी स्टिकचा प्रश्नच येत नाही. दहा रुपयांचे फलाट तिकीट दोन तास चालते. फलाट, पादचारी पूल, रस्त्यावरचा उड्डाणपूल एवढ्या जागा पुरेशा आहेत. ट्रायपॉड लावायचा असेल तर आधी स्थानक व्यवस्थापकांना विचारावे. शेड आणि यार्डात परवानगीशिवाय जाता येत नाही.

आता नॅरोगेज कुठे पाहायचे?

धावताना नागपुरात कुठेच नाही. १९९२पासून देशभर गेज एकसारखा करण्याचे काम हाती घेतले गेले. छिंदवाड्याची छोटी गाडी नोव्हेंबर २०१५अखेर थांबली, नागभीडची नोव्हेंबर २०१९मध्ये. उमरेड, भिवापूरच्या लोकांना वेगवान ब्रॉडगेज हवी होती आणि ती मागणी रास्तच होती. तासाला जेमतेम सायकलच्या पुढे जाणारी गाडी पाहुण्याला रम्य वाटते, रोज कचेरी गाठणाऱ्याला नाही. पण रूळ उखडले की त्याबरोबर स्थानकाचे मोजमाप, सिग्नलची जागा, डब्यांचे रंग, पाण्याच्या टाकीचा आकार हेही जाते. मोठी इंजिने संग्रहालयात पोहोचतात, छोट्या थांब्यावरची तिकीट खिडकी पोहोचत नाही.

कामठी रस्त्यावर कडबी चौकाजवळ मोतीबाग येथील नॅरोगेज रेल संग्रहालय डिसेंबर २००२मध्ये सुरू झाले. बंगाल नागपूर रेल्वेच्या काळातील इंजिने, डबे आणि उपकरणे तेथे जवळून पाहता येतात. लघुरेल्वे करणाऱ्याने तेथे मोबाइलबरोबर वही आणि मोजपट्टी न्यावी, कर्मचाऱ्यांना विचारून मापे घ्यावीत. बंद झालेल्या मार्गांची माहिती मात्र माणसांकडे आहे : इतवारी आणि मोतीबागेत नोकरी केलेले सांधेवाले, गार्ड, फिटर. त्यांच्यातले अनेक आता सत्तरीपुढचे आहेत. नागभीडच्या गाडीच्या डब्यांना आतून कोणता रंग होता, इतवारीच्या यार्डात पाणी कुठे भरत, हे घरातल्या आजोबांना विचारून लिहून ठेवायला प्लाय लागत नाही की १६.५ मिलिमीटरचा रूळही.