चौकटीत न मावलेली तिथी

मराठीचा प्राध्यापक यंत्राशी भांडला तर हरणार कोण, हे वाचकांना सांगायला नको! पण या भांडणात चूक माझीच होती.

एका ओळखीच्या घराण्याने पेशवाईच्या अखेरची मोडी पत्रे आमच्या विभागाला वर्षभरासाठी दिली. संकेतस्थळासाठी त्यांची सूची आम्ही ड्रुपल या प्रणालीत करू लागलो. तारखेची चौकट दिवस, महिना आणि इसवी सन एवढेच घेई. मग काय, शके पाहावे, आकडा मिळवावा आणि पुढे जावे! माघ-फाल्गुनात ७८ ऐवजी ७९ मिळवायचे, हे कोणी पाळले, कोणी नाही. तिथी तर कोणी लिहूनच ठेवली नाही. पत्रे परत गेली आणि त्याच पावसाळ्यात गाठोड्याला वाळवी लागली. खरे वर्ष सांगणारा कागदच उरला नाही.

दुसऱ्या घराण्याची पत्रे आली तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "सर, चौकट आपणच घडवू." ड्रुपलमध्ये माहिती साठवणे, भरून घेणे आणि दाखवणे ही तीन कामे वेगवेगळी असतात. भरून घेणाऱ्या भागाला विजेट म्हणतात. तो आपल्याला हवा तसा लिहिता येतो. त्याने शके, संवत्सर, मास, पक्ष आणि तिथी असे पाच खण केले. पत्रातले शब्द जसेच्या तसे राहतात. इसवी सन शेजारी निराळा साठतो.

पडताळाही ठेवला. शकाच्या आकड्यात १२ मिळवून ६० ने भागले की बाकी संवत्सराचा क्रमांक देते. शिवराज्याभिषेकाचे शके १५९६ घ्या : बेरीज १६०८, बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावे संवत्सर आनंद. अगदी बरोबर!

"जुळले नाही तर चौकट पुढे जाऊ देणार नाही," तो अभिमानाने म्हणाला.

"अडवू नको रे, नुसते सांगू दे. चूक असली तरी ती पत्र लिहिणाऱ्याची आहे. ती पुसणारे आपण कोण?"

कित्येक पत्रांत तर नुसता चंद्र आणि मुसलमानी महिना असतो, वर्षच नसते. त्यासाठी आणखी एक खण आला आणि वर्ष कोरे ठेवण्याची मुभाही.

परवा फराळाचे डबे भरताना सौभाग्यवती म्हणाली, "अहो, डब्यात मावत नाही म्हणून चकली मोडू नका. दुसरा डबा घ्या!" वर्षभर खपून मी जे शिकलो, ते तिने एका वाक्यात सांगितले.

वाळवीने खाल्लेल्या पत्रांपुढे मात्र आता एवढेच लिहिले आहे : 'वर्ष अनिश्चित.'